पडलेलं आणि ठेवलेलं

माझ्याकडे गिटार एक आहे आणि पिकअप नऊ आहेत. पैकी तीन गिटारवर बसवलेले आहेत आणि सहा खोक्यात ठेवलेले आहेत. एखाद्या गृहस्थाकडे एक सायकल आणि नऊ घंटा असाव्यात तसा हा प्रकार असल्यामुळे मी तो चारचौघांत सांगत नाही. एकदा शाखेत सांगितला, तेव्हा कॅशमधल्या मित्राने विचारलं, "भाड्यानं लावलेस का? किलोमीटरला काय पडतं?" त्याला तो टेंपो वाटला होता.

तेव्हा आधी खुलासा करतो. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बोटभर लांबीची एक पट्टी बसवलेली असते, ती पिकअप. साध्या पिकअपमध्ये लोहचुंबकाचे सहा खुंट असतात, एकेका तारेखाली एकेक. त्या खुंटांभोवती तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. ही तार केसासारखी असते. मिलिमीटरचा साधारण सोळावा भाग. सोडवून सरळ केली तर किलोमीटरभर भरेल. वरची पोलादी तार थरथरली की खालचं चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत इवलीशी वीज तयार होते. यामागचं तत्त्व फॅरेडेसाहेबांनी १८३१ साली दाखवलं. ते गिटारला लावायला अमेरिकेतल्या जॉर्ज बीचम यांना १९३१ साल उजाडलं आणि त्याचं पेटंट हाती पडायला १९३७. कागद हलायला वेळ लागतो तो काही आपल्याकडेच नाही.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की पिकअप स्वतः काही वाजवत नाही. वर जे हललं त्याची तो खाली नोंद घेतो आणि पुढे पाठवतो. थोडक्यात, तो कारकून आहे. माझा त्याच्यावर जीव का आहे हे यावरून कळावं.

१९९८ साली, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, मी कोलकत्त्यात बनलेली एक इलेक्ट्रिक गिटार हप्त्याने घेतली. आमचा चौघांचा बँड होता. त्याचे एकूण तीन कार्यक्रम झाले आणि त्यांतल्या दोनांत वीज गेली. मग मी बँकेत लागलो. २००४ साली न्यू जर्सीचा मामेभाऊ भारतात येणार होता. "काय आणू?" असं त्याने विचारल्यावर नातेवाइकांनी चॉकलेटं आणि सेंट सांगितले, मी तीन पिकअपांचा संच सांगितला. त्याने आणला. पण असा अस्सल माल त्या हप्त्याच्या गिटारवर कसा बसवायचा? चांगली गिटार घेऊ, तेव्हा बसवू. तोवर ठेवू.

त्याला आता वीस वर्षं उलटून गेली.

बाकीचे तीन कसे आले ते सांगण्यात अर्थ नाही. एक चोर बाजारातून आला. तो वाजतो, पण सर्दी झाल्यासारखा. दोन हंबकर आहेत, ते स्वस्तात मिळाले म्हणून घेतले. ते माझ्या गिटारला बसतच नाहीत. बसवायचे तर लाकूड कोरावं लागेल. हंबकर म्हणजे जोडपिकअप. साध्या पिकअपला घरातल्या विजेची गुणगुण ऐकू येते आणि तीही तो इमानाने पुढे पाठवतो. हंबकरमध्ये दोन वेटोळी अशी उलटसुलट जोडलेली असतात, की गुणगुण एकमेकांत जिरून जाते आणि संगीत तेवढं दुप्पट होऊन बाहेर पडतं. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली. आमच्यात अजून संगीत जिरतं आणि गुणगुण दुप्पट होते. हा शोध गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांचा. १९५५ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि कंपनीने पिकअपखाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी डकवायला सुरुवात केली. पेटंट १९५९ साली मिळालं, तरी चिठ्ठ्या पुढे दोन-तीन वर्षं डकवतच राहिले. नंतर आकडा छापला, तो भलत्याच पेटंटचा, गिटारच्या तारा अडकवायच्या पट्टीचा. कुणी म्हणतं चूक, कुणी म्हणतं नक्कल करणाऱ्यांना चकवायची युक्ती. आज त्या पहिल्या चिठ्ठीच्या पिकअपांना हजारो डॉलर मोजणारे लोक आहेत. बावीस वर्षं व्हाउचरं लिहून माझ्या एकाही चिठ्ठीला असा भाव आलेला नाही.

तर हे सहा पिकअप मी सांभाळतो. सांभाळणं म्हणजे कपाटात टाकणं नव्हे. सुरुवातीला मी ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. चुंबकच ते, डब्याच्या बुडाला आणि भिंतींना पालींसारखे चिकटून बसले. ओढून काढताना एकाची तार तुटता तुटता वाचली. आतली तार एका जागी जरी तुटली, तरी सातआठ हजार वेढे व्यर्थ. म्हणून पिकअप कधी वायरीला धरून उचलू नये, मांजराच्या पिल्लाला शेपटीला धरून उचलत नाहीत तसंच.

दुसरं म्हणजे शेजार. अमेरिकेचे माझे पिकअप अल्निकोचे आहेत. अल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांवरून हे नाव पडलं. त्यात सगळ्यात जास्त भरणा लोखंडाचा असतो, पण नावात लोखंड नाही. बँकेच्या अहवालात आम्हा क्लार्कांचं असंच असतं. अल्निको तसा दीर्घायुषी; कुणी छेडलं नाही तर दशकानुदशकं टिकतो. पण दोन पिकअपांचे सारखे ध्रुव तोंडाला तोंड लावून ठेवले, तर एकमेकांना ढकलण्यात दोघांचाही जोर उतरायला लागतो. विरुद्ध ध्रुव समोर आले तर बाधत नाही. अंतर ठेवलं तर उत्तम. एका टेबलावर दोन सीनियर क्लार्क बसवू नयेत, हे आमच्या प्रत्येक मॅनेजरला कळतं, ते हेच. ध्रुव ओळखायला मी मुलीच्या शाळेचं होकायंत्र वापरतो. स्पीकर जवळ नको, कारण त्याचा चुंबक मोठा. एकदा मी माझं पासबुक पिकअपवर ठेवलं, तेव्हा त्याच्या मागच्या काळ्या पट्टीवरचं सगळं पुसलं गेलं आणि माझ्याच शाखेतल्या मशीनने मला ओळख देईना.

शेवटी जागा मिळाली ती टी-सेटच्या खोक्यात. लग्नात आम्हाला बोनचायनाचा टी-सेट आला होता. कप शोकेसमध्ये गेले, ते अजून खाली उतरलेले नाहीत. सहा खणांचं खोकं माझ्या वाट्याला आलं. प्रत्येक खणात एक पिकअप, सुती कापडात. फोममध्ये नाही, कारण आठ-दहा वर्षांत फोमचा चिकट लगदा होतो. खुंटांवर कागदी चिकटपट्टी, नाहीतर तारेच्या घासणीचा कीससुद्धा येऊन बसतो आणि तो फुंकून जात नाही. मुंबईची हवा दमट. लोखंडाला गंज चढला की तो शेजारच्या तांब्यालाही खातो, म्हणून बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिकाच्या पुड्या. आणि प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी : कुठला, कधीचा, किती ओहम. दर १ एप्रिलला संध्याकाळी, बँकेचं वर्ष बंद करून आलो की मी लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या मल्टिमीटरने सहाही मोजतो. एका वर्षी राहून गेलं म्हणून मे महिन्यात मोजले, तर सगळ्यांचे आकडे वाढलेले. क्षणभर मला वाटलं, व्याज लागलं. मग कळलं की उकाड्यात तांब्याचा रोध वाढतो. दहा अंशांना जवळजवळ चार टक्के.

असं सगळं सुखाने चाललं असताना, गणपती तीन आठवड्यांवर आले असताना, आमच्या शाखेतले शिपाईमामा माझ्या काउंटरशी येऊन उभे राहिले.

"साहेब, तुमच्याकडं ते गिटारचं काहीतरी पडलंय ना?"

"पडलेलं नाही मामा," मी म्हणालो, "ठेवलेलं आहे."

"तेच ते."

मामांचा भाचा लालबागला बँजो पार्टीत वाजवतो. हा बँजो म्हणजे अमेरिकेतला ढोलकीला दांडी लावल्यासारखा दिसतो तो नव्हे. आपला बुलबुल तरंग, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, ज्याच्यावर मिरवणुकीत लता मंगेशकरांपासून कोळीगीतांपर्यंत सगळं वाजतं. त्याच्याही पोलादी तारांखाली पिकअप असतो. तो मेला होता. दुकानदार म्हणत होता, माल गणपतीनंतर येईल. "तुमचं एखादं दिलंत तर पोराचा सीझन जाणार नाही," मामा म्हणाले. दहा दिवसांची सुपारी, त्यावर त्याची पुढच्या सहामाहीची फी अवलंबून.

"बघतो," मी म्हणालो. बँकेत हा शब्द नाही म्हणायच्या जागी वापरतात हे मामांनाही ठाऊक होतं.

पण घरी जाताना गाडीत उभा राहून मला काही केल्या सुचेना, की पडलेलं आणि ठेवलेलं यांत फरक काय? वस्तू तीच, कपाट तेच, धूळ थोडी कमीजास्त. मी चिठ्ठ्या बांधल्या, पुड्या घातल्या, म्हणून ते 'ठेवलेलं' झालं का? मग नागोबा गुप्तधनावर बसतो, तोही जागा स्वच्छच ठेवत असेल. आम्ही ज्याला 'ठेव' म्हणतो तिला मुदत असते, पावती असते, नाव असतं. ती ज्या दिवशी पुरी होते त्या दिवशी कुणाच्या तरी मुलीचं लग्न असतं किंवा कुणाचं तरी ऑपरेशन. माझ्या ठेवीवर मुदत लिहिलेलीच नव्हती. आमच्याकडे दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर २०१४ सालच्या योजनेप्रमाणे रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पैसे बुडत नाहीत. खातेदार आला तर मिळतात. अशा खातेदारांना पत्रं पाठवायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडेच आहे. आणि माझ्या खोक्याचा खातेदार कोण? मानेपर्यंत केस वाढवलेला, पंचवीस वर्षांचा एक तरुण. त्याची सही आता माझ्या सहीशी जुळत नाही.

आईला विचारलं. आईकडे एक पैठणी आहे. तिच्या लग्नातली. आजवर चार वेळा नेसली. दर वर्षी ती बाहेर काढून घडी फिरवते, कारण एकाच घडीवर राहिली तर जर तिथेच तुटते. "वापरली असती तर विरली असती," आई म्हणाली, "ठेवली म्हणून राहिली." यावर बोलायची सोय नव्हती, कारण ते खरं होतं. पैठणी नेसली की झिजते. पण रात्री अंथरुणात माझ्या लक्षात आलं, की पिकअप झिजतच नाही! त्याच्यात काही घासत नाही, काही फिरत नाही. रोज दहा तास वाजवा की वीस वर्षं वाजवू नका, त्याला फरक पडत नाही. त्याला मारतो तो दमटपणा, घाम आणि हिसका. घाम आणि हिसका खोक्यात नाहीत हे खरं. पण नाही वाजवला म्हणून त्याचा एक सूरही शिल्लक पडत नाही. म्हणजे इतकी वर्षं मी जे वाचवत होतो ते खर्च होणारंच नव्हतं. जमा बाजूला शून्य. कॉमर्सच्या पदवीधराला हे कळायला बावीस वर्षं नोकरी करावी लागली.

इतका विचार केल्यावर मी उठलो, दिवा लावला आणि खोक्यातून चोर बाजारातला, सर्दीवाला पिकअप काढून पिशवीत घातला.

मुलगी नववीत आहे. अभ्यासाला जागी होती. तिने चिठ्ठी वाचली. "बाबा, यावर तुम्हीच लिहिलंय, 'आवाज क्षीण.' मग हा का देताय?"

"वाजतो तो."

"तुमच्या गिटारला लावाल?"

कठोपनिषदात नचिकेताचे वडील दानाला भाकड गाई काढतात आणि पोरगं विचारतं, मला कुणाला देणार? शाळेत ही गोष्ट ऐकताना मला नेहमी वाटायचं, की वडील एवढे का रागावले. त्या रात्री कळलं. मी मुलीला झोपायला सांगितलं. ती गेली. मी अमेरिकेचे तिघे बाहेर काढले आणि बराच वेळ बघत बसलो. एक दिला की संच मोडतो. मधला मुद्दाम उलट्या ध्रुवाचा आणि उलट्या वेढ्यांचा असतो, शेजाऱ्याबरोबर वाजला की दोघं मिळून हंबकरसारखे गुणगुण मारतात. हे सगळं मला पाठ आहे. आणि मी ते एकदाही ऐकलेलं नाही.

रविवारी मामांचा भाचा घरी आला. विशीचा, हडकुळा, बोटांना घट्टे. सौ.ने चहा रोजच्याच कपांत दिला. मी त्याच्यासमोर तिघे मांडले आणि वायर, गंज, कीस, ध्रुव यांवर पंधरा मिनिटं बोललो. तो "हो काका, हो काका" म्हणत होता. मग त्याने विचारलं, "जोरात कुठला वाजतो?" मी सगळ्यात जास्त ओहमचा दाखवला. त्याने तो हातात घेतला, बँजोच्या पोकळीशी धरून पाहिला, खिशातून पक्कड काढली आणि लांब लोंबणारी वायर कच्चकन तोडली. सात-आठ इंच वायर! ती मी वीस वर्षं गुंडाळून ठेवली होती.

"एवढी लागत नाही, काका."

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. खुंटांवरची चिकटपट्टी त्याने दाताने सोलली.

"कितीला द्यायचं?" त्याने विचारलं. वस्तूची किंमत लावताना खरेदी किंवा बाजारभाव, यांपैकी जे कमी असेल ते धरावं, असं आम्हाला शिकवलं होतं. मी "राहू दे" म्हणालो. हे औदार्य नव्हतं. आकडा सांगितला असता तर तो विक्रीचा व्यवहार झाला असता, आणि मला तो कुठल्या खात्यात टाकावा ते कळत नव्हतं.

अनंत चतुर्दशीला मी लालबागला गेलो. घरी सांगितलं, दर्शनाला जातो. एका बँजो पार्टीपाठोपाठ दुसरी येत होती. हातगाडीवर अँप्लिफायर, मागे जनरेटर, पुढे ताशे. अल्निको आणि सिरॅमिक यांतला फरक मी डोळे मिटून ओळखतो, असं मी आजवर कितीतरी लोकांना सांगितलं आहे. दोन तास उभा होतो. गुलालाने शर्ट गेला, पायावर चारदा पाय पडला. पाच बँजो माझ्यासमोरून गेले असतील. एकावर बसलेला पोरगा मला त्याच्यासारखा वाटला, पण सगळे तोंडभर गुलाल माखलेले. त्यातला माझा कुठला ते मला ओळखता आलं नाही. एका ठिकाणी मात्र ताशा थांबला आणि बँजोचा एकच लांब सूर उरला. बाजूच्या बाईच्या कडेवरचं मूल रडायचं थांबलं. तो सूर कुणाचा होता कोण जाणे.

पौर्णिमा उलटल्यावर मामांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं. "पोरानं दिलंय. म्हनला, काकांकडं असू द्या, त्यांना आवड हाय." आत त्याच्या बँजोचा जुना, मेलेला पिकअप होता. खुंटांवर गंज, भोवती काळवंडलेला दोरा. घरी आल्यावर मल्टिमीटर लावला. काट्यांचा जमाना गेला. माझ्या मीटरच्या डाव्या कोपऱ्यात नुसता एक दिसतो. म्हणजे तार तुटलेली.

"हे आता कुठे?" सौ.ने विचारलं. मी रिकाम्या खणाकडे बोट दाखवलं. तिने कपाळाला हात लावला आणि आत गेली.

मी गंज पुसला, चिकटपट्टीने कीस टिपून घेतला, सुती कापड गुंडाळलं आणि दोऱ्याने चिठ्ठी बांधली : 'बँजोवरचा. तार तुटलेली. पुन्हा वेढे घालून घेणे. खातेदार : लालबाग. मुदत : पुढच्या गणपतीच्या आधी.'